किनारी गावातला पहिला दिवस: विद्यार्थी प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उष्ण कटिबंधातल्या किनारी गावात पहिल्यांदाच, पाठीवर सॅक आणि खिशात मोजके पैसे घेऊन उतरणाऱ्या मुलामुलींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधला कुठलाही किनारा धरा. ऊन, भरती, डास आणि अंधार यांचे नियम बहुतेक ठिकाणी सारखेच असतात. जिथे ते बदलतात तिथे तसं सांगितलं आहे. एक सल्ला मात्र बऱ्याच उत्तरांत डोकावेल: पहिल्या दिवशी समुद्र काठावरून बघा, पोहायला दुसऱ्या दिवशी उतरा.

१. बघायच्या ठिकाणांची यादी खूप मोठी झाली आहे. पहिल्या दिवशी त्यातलं काय घेऊ?

जमलं तर काहीच नको. यादीतली ठिकाणं उद्याही तिथेच असतील. पहिला दिवस गाव पायाखाली घालण्यासाठी ठेवा. राहायच्या जागेपासून किनारा किती लांब, औषधाचं दुकान कुठे, पिण्याचं पाणी कुठे मिळतं, शेवटची बस कधी, जीवरक्षकांची चौकी कुठल्या टोकाला, हे एकदा चालून आलं की पुढचे सगळे दिवस सोपे जातात. एखादं ठिकाण घ्यायचंच असेल तर बंदराचा धक्का घ्या, आणि तोही सकाळी. रात्री गेलेल्या होड्या परत येत असतात, मासळी उतरत असते, आणि आज समुद्र कसा आहे हे सांगू शकणारी माणसं तिथेच भेटतात.

२. बाहेर पडायला कुठली वेळ चांगली?

सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे इथे अंगावर अनुभवता येतात. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शिडाच्या होड्या याच वाऱ्यावर बाहेर पडायच्या. दिवसा जमीन तापली की वारा उलटा फिरतो आणि दुपारी समुद्राकडून जोराने येतो. त्या वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, आणि नेमकं तेव्हाच ते सगळ्यात तीव्र असतं. सोपी खूण अशी: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड दिसली की सावलीत जा. दुपार वस्तुसंग्रहालय, वाचनालय किंवा झोप यांना द्या.

३. आकाश ढगाळ आहे. तरी सनस्क्रीन लावायलाच हवं का?

हो. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात. शिवाय कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के किरण परतवतो, त्यामुळे छत्रीखाली बसूनही त्वचा भाजते. सावळ्या त्वचेला उन्हाचा त्रास होत नाही हा समज चुकीचा आहे; तो कमी होतो, पण होतो.

एसपीएफ ३० पुरेसं आहे. ते त्वचा भाजणारे जवळजवळ ९७ टक्के किरण अडवतं. मात्र बहुतेक जण फारच थोडं लावतात. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला साधारण ३० मिलिलिटर लागतं, आणि दर दोन तासांनी किंवा पाण्यातून बाहेर आल्यावर ते पुन्हा लावावं लागतं. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि रुंद काठाची टोपी ही दोन्ही सनस्क्रीनपेक्षा स्वस्त पडतात. बाटलीवरचे घटक वाचून घ्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईमध्ये १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे, आणि पलाऊनेही प्रवाळाला घातक ठरलेल्या सनस्क्रीनवर २०२० पासून बंदी घातली आहे. औषधं घेत असाल तर प्र. १८ मधला शेवटचा भाग जरूर वाचा.

४. फारसं न चालताही पहिल्या दिवशी एवढं थकायला का होतं?

दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. अशा हवेची शरीराला सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी तुमची ताकद कमी झालेली नसते, शरीर फक्त वेगळ्या कामात गुंतलेलं असतं. त्यामुळे घरी सहज चालता त्याच्या निम्मं अंतर ठरवा.

तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी पीत राहा. खूप घाम गेला असेल तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठही लागतं. ओआरएसचं पाकीट जवळ ठेवा. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं इथपर्यंत सावली, पाणी आणि विश्रांती पुरते. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं आणि तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजा: अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच क्षणी रुग्णवाहिका बोलवा.

५. नळाचं पाणी आणि बर्फ चालेल का?

राहायच्या जागी विचारा: "तुम्ही स्वतः काय पिता?" उत्तर उकळलेलं किंवा बाटलीचं असं आलं तर दात घासायलाही तेच वापरा. ज्या पाण्याची खात्री नाही त्याच्या बर्फाचीही नसते, कारण गोठवल्याने जंतू मरत नाहीत.

६. फिरताना पासपोर्ट बरोबर ठेवू की खोलीवर?

आधी त्या देशाचा नियम बघा. परदेशी माणसाने मूळ पासपोर्ट जवळ बाळगावा असा कायदा काही देशांत आहे. तसा नसेल तर तो कुलपात ठेवा, छायाप्रत खिशात आणि फोटो फोनमध्ये असू द्या. पैसे दोन जागी विभागा: दिवसभराचे सुटे हाताशी, बाकीचे आणि दुसरं कार्ड खोलीवर. परदेशी एटीएमने "तुमच्या देशाच्या चलनात रक्कम कापू का?" असं विचारलं तर नाही म्हणा. तो दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

७. विद्यार्थी ओळखपत्राने खरंच काही सवलत मिळते का?

मिळते, पण मागावी लागते. संग्रहालयं, किल्ले, काही ठिकाणी बस आणि बोटी यांचे विद्यार्थ्यांसाठी वेगळे दर असतात आणि ते फलकावर नेहमी लिहिलेले नसतात. कॉलेजचं ओळखपत्र इंग्रजीत नसेल तर परदेशात ते कोणाला वाचता येत नाही. अशा वेळी आयएसआयसी हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र उपयोगी पडतं. मात्र काही देशांत सवलत फक्त तिथल्या नागरिकांना असते. तसं सांगितलं तर वाद घालू नका.

८. फोन जलरोधक आहे. पाण्यात नेऊ का?

नको. आयपी६८ सारखे दर्जे गोड्या पाण्यात तपासून दिलेले असतात. खारं पाणी चार्जिंगच्या खोबणीत गंज आणतं. ऊनही तितकंच वाईट. बरेच फोन ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि वाळूवर उन्हात ठेवलेला फोन ती मर्यादा पटकन ओलांडतो आणि बंद पडतो. म्हणून गावाचा नकाशा आधी उतरवून घ्या आणि राहायच्या जागेचा पत्ता स्थानिक लिपीत कागदावरही लिहून ठेवा.

९. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायलाच हवं का? आणि ते वाचायचं कसं?

बघायलाच हवं. किनाऱ्यावर दिवसाची आखणी त्याच्यावर होते: पुळण किती रुंद असेल, खडकांमधली डबकी दिसतील का, बोट धक्क्याला लागेल का, सगळं त्यावर ठरतं.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून कालची वेळ आज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मा चढ होतो, आणि माणसं अडकतात ती बहुधा तेव्हाच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा फरक कमी.

आता अपवाद. थायलंडच्या आणि मेक्सिकोच्या आखातात बऱ्याच ठिकाणी दिवसातून एकच भरती येते. कॅरिबियन समुद्रात चढउतार अनेक जागी अर्ध्या मीटरहूनही कमी असतो, तर ऑस्ट्रेलियातल्या ब्रूमसारख्या गावात उधाणाला तो नऊ-दहा मीटरच्या घरात जातो. म्हणून एका किनाऱ्याचा अनुभव दुसरीकडे लावू नका. वेळापत्रक त्याच गावाचं घ्या, आणि त्यातली वेळ स्थानिक आहे ना हेही तपासा.

१०. मला चांगलं पोहता येतं. मग पहिल्याच दिवशी उतरायला काय हरकत आहे?

तलावात पोहता येणं आणि समुद्र वाचता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. प्रवासाने थकलेल्या अंगाने, अनोळखी किनाऱ्यावर, पहिल्याच संध्याकाळी उतरू नये असं मला मनापासून वाटतं. त्याऐवजी अर्धा तास उंचावर बसून पाणी बघा.

शोधायचा आहे तो रिप करंट, म्हणजे किनाऱ्याकडून आत समुद्राकडे वाहणारा अरुंद ओढा. लाटांनी काठाशी आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि वाळूच्या दांड्यातल्या खोलगट जागेतून जोरात निसटतं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत आणि मध्ये एक पट्टा शांत, जरा गडद दिसतो आहे. फेस, गढूळ वाळू किंवा काडीकचरा आत सरकतो आहे: तिथे रिप करंट आहे. नवखा माणूस नेमका तो शांत पट्टा उतरायला निवडतो.

त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. त्याचा वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो, पट्टीचा पोहणाराही त्यापुढे हरतो. हा प्रवाह पाण्याखाली ओढत नाही, फक्त आत नेतो. पाठीवर तरंगा, श्वास सावरा, एक हात वर करून मदत मागा. जोर असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढ्याबाहेर पडा आणि लाटा फुटतात त्या बाजूने तिरके परत या. कोणी दुसरं सापडलेलं दिसलं तर रिकाम्या हाताने मागे उडी घेऊ नका. आधी जीवरक्षकाला बोलवा आणि तरंगणारी एखादी वस्तू त्या माणसाकडे फेका. वाचवायला गेलेला माणूस बुडाल्याच्या घटना वारंवार घडतात.

११. किनाऱ्यावरच्या झेंड्यांचे अर्थ काय?

वर लाल आणि खाली पिवळा असे दोन झेंडे दिसले तर त्यांच्या मधल्या पाण्यावर जीवरक्षकांचं लक्ष आहे. पोहायचं ते तिथेच. नुसता पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका जास्त, दोन लाल म्हणजे पाण्यात जायला बंदी, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे त्रासदायक जीव. सगळे देश हीच पद्धत पाळतात असं नाही, म्हणून चौकीजवळचा फलक वाचा. झेंडाच नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही, लक्ष ठेवणारं कोणी नाही एवढाच होतो.

१२. मला पोहताच येत नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तर चालेल ना?

शांत दिवशी, रक्षकांच्या हद्दीत, हो. पण तोंड समुद्राकडे ठेवा, पाठ नको. पाठीवर आलेली लाट गुडघाभर पाण्यातही पाडते आणि परतताना पायाखालची वाळू घेऊन जाते. ओल्या, शेवाळलेल्या खडकांवर फोटोसाठी जाऊ नका. जिथे खडक भिजलेला आहे तिथे लाट नुकतीच येऊन गेलेली असते.

१३. ओहोटीला समोरच्या बेटावर चालत जाता येतं म्हणतात. जाऊ का?

पहिल्या दिवशी गावातला माणूस बरोबर असेल तरच. नियम असा की पाणी उतरत असताना निघायचं आणि ओहोटीचा तळ गाठायच्या आधी परत फिरायचं. पाणी चढू लागल्यावर बेटाजवळची उंच वाळू कोरडी राहते आणि काठाजवळचा खोलगट भाग आधी भरतो, म्हणजे परतीची वाट तुमच्या मागून बंद होते. चढाची गती प्र. ९ मध्ये आहे. अडकलात तर पोहत यायचा प्रयत्न न करता उंच जागी थांबा आणि मदत मागा.

१४. जेलीफिश चावली तर काय करायचं? लघवी टाकतात ते खरं का?

खोटं आहे, आणि त्याने डंख आणखी उधळू शकतात. चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. पुढचं उत्तर जात बघून बदलतं. हिंदी-प्रशांत महासागरातल्या बॉक्स जेलीफिशवर किमान ३० सेकंद व्हिनेगर ओततात, त्याने न फुटलेले डंख निकामी होतात. बऱ्याच किनाऱ्यांवर ते बाटलीत ठेवलेलं असतं. निळ्या फुग्यासारख्या दिसणाऱ्या ब्लूबॉटलसाठी मात्र समुद्राच्या पाण्याने धुऊन, सोसेल इतक्या म्हणजे ४५ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात २० मिनिटं भाग बुडवणं जास्त चांगलं. कुठली जात आहे हे जीवरक्षक सांगतील. श्वास लागला किंवा छातीत दुखू लागलं तर आधी रुग्णवाहिका.

पाकट वाळूत लपून बसतो, त्यामुळे उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला. चाहूल लागली की तो निघून जातो.

१५. शंख-शिंपले आठवण म्हणून उचलून आणले तर?

नका आणू. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा कोन जातीचा शंख जिवंत असेल तर त्याचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो. रिकामे शंख संन्यासी खेकड्यांना घर म्हणून लागतात. कायद्याचा भागही आहे: कठीण प्रवाळ, महाकाय शिंपले आणि क्वीन कॉन्च हा मोठा शंख हे साइटीस या धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, ते बहुधा परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. समुद्री कासवाच्या कवचाच्या वस्तूंचा आंतरराष्ट्रीय व्यापार तर बंदच आहे. दुकानात उघड विकायला आहे म्हणून ते विमानतळावर चालेल असं नाही.

१६. किनाऱ्यावरच्या झाडाखाली झोपलं तर चालेल ना?

वर नारळ लटकत नाहीत ना, एवढं बघा. कॅरिबियन किनारे, फ्लोरिडा आणि मध्य अमेरिका इथे आणखी एक सावधगिरी: मँचिनील हे झाड. फळं छोट्या हिरव्या सफरचंदासारखी दिसतात. त्याचा चीक लागला तर फोड येतात, पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी येतात. फळ खाऊ नका. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो.

१७. स्कूटर भाड्याने मिळते आहे, परवाना कोणी विचारत नाही. घेऊ का?

भाड्याने देणारा विचारत नाही, अपघातानंतर विमा कंपनी विचारते. दुचाकीचा परवाना नसेल तर प्रवास विमा बहुधा काहीच देत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना हा मूळ परवान्याचा जोडकागद असतो. मूळ परवान्यात दुचाकी नसेल तर त्यातही येत नाही. काही देश १९४९ च्या करारानुसार काढलेला मान्य करतात, काही १९६८ च्या. निघण्यापूर्वी बघून घ्या. तारण म्हणून मूळ पासपोर्ट देऊ नका (प्र. ६). आधीचे ओरखडे मालकासमोर व्हिडिओत टिपा. आणि पहिल्या दिवशी, वाहतूक कुठल्या बाजूने चालते याचीही सवय नसताना, सायकल किंवा बस बरी.

१८. डास फक्त रात्रीच चावतात ना?

डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी. मलेरियाचा ॲनोफिलीस तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत. म्हणजे लपायला वेळ नाही, मलम लावा. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर डासांचं मलम, हा क्रम. डीट असलेलं मलम चष्म्याच्या प्लॅस्टिकला आणि घड्याळाच्या पट्ट्याला लागू देऊ नका, ते खराब होतात.

मलेरिया टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर त्वचा उन्हाने फार लवकर भाजते. मुरमांसाठी हे औषध चालू असलेल्यांनाही हेच लागू आहे. निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

१९. मी एकटी मुलगी आहे. संध्याकाळी किती वाजेपर्यंत किनाऱ्यावर थांबू?

घड्याळाकडे न बघता सूर्याकडे बघा. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांत संपतो. उत्तरेकडच्या लांबलेल्या संध्याकाळींची सवय असेल तर अंधार अचानक गाठतो. सूर्यास्ताची वेळ प्रमाणवेळेवरही ठरते: सिंगापूरला तो वर्षभर सातच्या आसपास होतो, इतरत्र बऱ्याच ठिकाणी सहालाच. सूर्य टेकला की परतीला लागा, आणि परतीची वाट दिवसाउजेडी एकदा चालून ठेवा. कुटुंबं, फेरीवाले, खेळणारी मुलं आहेत तोवर किनारा चांगला. ती उठली की आपणही उठावं. कोणी विचारलं तर एकटी आहे आणि कुठे राहते हे सांगायची सक्ती नाही. घरी मात्र पत्ता आणि परत आल्याचा एक निरोप द्या, त्याने दोन्हीकडची झोप सुखाची होते. यातलं बहुतेक मुलांनाही लागू आहे.

२०. मच्छीमारांचे फोटो काढले तर चालतात का?

विचारून. मासळी उतरवण्याची वेळ त्यांच्या घाईची असते, दोरखंड आणि टोपल्यांच्या वाटेत उभं राहू नका. काम आटोपल्यावर विचारलंत तर फोटोबरोबर गप्पाही मिळतात. बंदराचा काही भाग नौदलाचा किंवा सीमाशुल्काचा असेल तर तिथे कॅमेरा बाहेर काढू नका.

२१. ताजा, नीट शिजवलेला मासा खाऊनही आजारी पडता येतं का?

हो, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. प्रवाळाजवळच्या सूक्ष्म शैवालातलं विष अन्नसाखळीतून बॅराकुडा, मोठे ग्रूपर, मोरे ईल अशा शिकारी माशांत साठतं. त्याला सिग्वाटेरा म्हणतात. ते शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, चवीला कळत नाही. उलट्या-जुलाबांबरोबर ओठांना मुंग्या येणं आणि थंड वस्तू चटका बसल्यासारखी लागणं ही खूण. डॉक्टरांना कुठला मासा खाल्ला ते नक्की सांगा. प्रवाळाच्या समुद्रात लहान मासे निवडणं हाच उपाय.

२२. दोनच दिवस आहेत. पहिल्या दिवशी स्कूबा डायव्हिंग उरकून दुसऱ्या दिवशी सकाळी विमान पकडू का?

तास मोजा. एका साध्या डायव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डायव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग सुरक्षेच्या संस्थेचा सल्ला आहे. रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे बनून बाहेर येतो, म्हणून. किनाऱ्यामागे उंच घाट असेल तर गाडीने वर जाणंही यातच मोजा. नुसत्या नळीच्या स्नॉर्केलिंगला हा नियम लागू नाही, प्र. १० मात्र लागू आहे.

२३. किनाऱ्यावर असताना भूकंप झाला तर?

जोराचा किंवा बराच वेळ चाललेला धक्का बसला तर भोंग्याची वाट न बघता पायी उंच जागेकडे निघा. समुद्र एकदम मागे हटला किंवा गडगडाट ऐकू आला तरी तेच. इथे एक चुकीचा समज पक्का बसला आहे की त्सुनामीआधी पाणी हटतंच. २६ डिसेंबर २००४ ला थायलंडच्या बाजूला पाणी आधी मागे गेलं; श्रीलंका आणि भारताच्या बाजूला आधी चढलं. शिवाय पहिली लाट सगळ्यात मोठी असेलच असं नाही, त्यामुळे पाणी ओसरलं म्हणून सामान आणायला परतू नका. अधिकृत सूचना येईपर्यंत वरच थांबा. अशा किनाऱ्यांवर पळायच्या वाटेच्या पाट्या असतात. प्र. १ मधल्या पायी फेरीत त्या शोधून ठेवा.

२४. अख्खा दिवस पावसात गेला तर काय करू?

झाकलेला बाजार, संग्रहालय, बंदराजवळचं चहाचं ठिकाण. उष्ण कटिबंधात पावसाची जोरदार सर बऱ्याचदा दुपारनंतर येते आणि तासाभरात ओसरते, तेव्हा दिवस लगेच सोडून देऊ नका. गडगडाट ऐकू येत असेल तर पुळणीवर आणि पाण्यात थांबू नका, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं जाऊ द्या. मोठ्या पावसानंतर नदीच्या किंवा नाल्याच्या मुखाशी एक-दोन दिवस पोहू नका: सांडपाणी, वाहून आलेली लाकडं आणि गढूळ पाणी सगळं तिथेच येतं. उत्तर ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियातल्या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरीही असतात. तिथे पाऊस असो वा ऊन, मुखाशी पाण्याच्या कडेलाही जाऊ नका.